ड्रोन भ्याला नव्हता, त्याची बॅटरी उतरली होती

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ मोहिमेतील विक्रम या लँडरशी इस्रोचा संपर्क तुटला, तेव्हा नागपूर शहर पोलिसांनी समाजमाध्यमावर थेट विक्रमलाच विनंती केली की त्याने उत्तर द्यावे, सिग्नल तोडल्याबद्दल त्याच्याकडून दंड घेतला जाणार नाही. देशभर लोक हसले आणि थोडे हळवेही झाले. चार वर्षांनी चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर चंद्रावरची रात्र सुरू होण्यापूर्वी ‘झोपी गेला’, आणि २२ सप्टेंबर २०२३ च्या सुमारास तो ‘जागा होतो का’ याकडे सगळ्यांचे डोळे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दक्षिण कोरियातून वेगळ्या जातीची बातमी आली. ढोबळी मिरचीची खोकी उचलणाऱ्या एका औद्योगिक रोबोटने तपासणीसाठी आलेल्या माणसाला पकडून पट्ट्यावर दाबले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. माणूस आणि खोके यांतला फरक त्या यंत्राला ओळखता आला नाही, असे वृत्तांतात म्हटले होते. मथळे मात्र असे होते की रोबोटने माणसावर हल्ला केला असेच वाचणाऱ्याला वाटावे. एका बातमीत यंत्र घरचे लाडके लेकरू होते, दुसरीत ते खुनी होते, आणि यंत्राला मन असते हे दोन्हीकडे गृहीत धरलेले होते.

बेळगावच्या सीमाभागात हा विषय आता केवळ बातम्यांचा राहिलेला नाही. चिकोडी, अथणी, रायबाग भागातल्या उसावर औषध मारायला ड्रोन येऊ लागले आहेत, कारखान्यांत मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा सुटा भाग, चढवण्या-उतरवण्याचे काम यांत्रिक हात करू लागले आहेत, रुग्णालयांच्या जाहिरातींत ‘रोबोटिक सर्जरी’ झळकते आणि घरातली नातवंडे मोबाईलमधल्या आवाजाशी तासन्‌तास गप्पा मारतात. या सगळ्यांबद्दल बोलताना आपण ‘त्याला कळते’, ‘त्याला नको आहे’, ‘ते मुद्दाम करते’ असे सहज म्हणून जातो. असे का होते, त्यात उपयोग किती आणि चूक किती, आणि नुकसान नेमके कोणत्या टप्प्यावर सुरू होते, हे या लेखात पाहायचे आहे.

रोबोट म्हणजे काय, आणि त्याला मन बहाल करणे म्हणजे काय

कारखान्यातला हात असो, ड्रोन असो की फरशी झाडणारी चकती असो, रोबोटचे तीन भाग असतात: भोवतालचे काहीतरी मोजणारा सेन्सर, त्या मापावरून पुढची क्रिया ठरवणारा संगणक, आणि ती क्रिया पार पाडणारी मोटर किंवा पंप. मोजणे, ठरवणे आणि हालणे हे चक्र सेकंदाला अनेक वेळा फिरत असते. संगणकाचे हे ठरवणे म्हणजे बहुतेक वेळा ‘माप अमुक आकड्याखाली गेले तर तमुक कर’ एवढाच नियम असतो. नव्या प्रकारच्या रोबोटांत तो नियम माणसाने ओळीओळीने न लिहिता असंख्य उदाहरणांवरून संगणकाकडूनच बसवून घेतलेला असतो.

दिसलेल्या हालचालीमागे इच्छा, हेतू, भीती किंवा समज आहे असे मानण्याला आपण या लेखापुरते ‘मनारोपण’ म्हणू. शाळेत शिकलेल्या चेतनगुणोक्ती अलंकाराशी त्याचे नाते आहे, पण कवीला वारा खरोखर गात नाही हे ठाऊक असते; मनारोपणात ती जाणीव कधी शाबूत असते, कधी अर्धवट असते आणि कधी पार सुटून जाते. एक खुलासा येथेच केलेला बरा. खंडेनवमीला बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत मशीनला हळदकुंकू लागते, हार पडतो, लिंबू कापले जाते. पण दुसऱ्या दिवशी त्याच मशीनचा बेल्ट घसरला तर कामगार पाना हातात घेतो, मशीनची समजूत काढत बसत नाही. ती पूजा म्हणजे कृतज्ञतेचा विधी आहे, मनारोपण नव्हे, आणि या दोहोंची गल्लत करून आपल्या लोकांना भाबडे ठरवणारे लेखन मला उथळ वाटते.

बांधावरून दिसणारा ड्रोन

फवारणीचा ड्रोन साधारण १० लिटरची टाकी घेऊन उसाच्या शेंड्यांवरून पट्टे मारत जातो. पंख्यांच्या वाऱ्याने पाने दुभंगतात आणि औषधाचे धुके त्यांच्यामध्ये उतरत जाते. मध्येच तो अर्धा पट्टा सोडून थांबतो, फवारा बंद होतो, तो सरळ वर चढतो आणि जिथून उडाला होता त्या ताडपत्रीकडे परत येतो. बांधावर जमलेल्यांपैकी कोणी म्हणते, “भ्यालं बघ ते.” नारळाच्या झाडापुढे तो क्षणभर अडखळला, तर “इचार करूलालंय” अशी टिप्पणी होते. बॅटरी बदलून आणि टाकी भरून पुन्हा सोडल्यावर तो नेमका अर्धवट सोडलेल्या जागी जाऊन फवारा सुरू करतो, तेव्हा तर कौतुकाला पारावार राहत नाही: “ध्यानात ठेवलंय की त्येनं!”

यंत्राच्या आत काय घडले ते पाहू. बॅटरीचा व्होल्टेज आधी भरलेल्या आकड्याखाली गेला, म्हणून फवारा थांबवून ठरलेल्या उंचीवर जाणे आणि उड्डाणाच्या वेळी उपग्रहांच्या मदतीने नोंदवलेल्या जागी परतणे हा नियम लागू झाला. झाडापुढे रडारच्या लहरी आपटून परत आल्या आणि अंतर मर्यादेपेक्षा कमी भरले, म्हणून पुढची गती शून्य झाली. सोडलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश स्मृतीत साठवलेले होते, ते वाचले गेले. भीती, विचार आणि आठवण हे तिन्ही शब्द बांधावरच्यांनी बाहेरून जोडले, पण गंमत अशी की त्या शब्दांवरून केलेला अंदाज तिन्ही वेळा बरोबर ठरला. भ्यालेला जीव घराकडे वळतो हे माहीत असल्यामुळे ड्रोन कुठे जाणार हे त्यांना चालकाच्या आधी कळले होते.

अशी गोष्ट शास्त्रज्ञांच्या अंगणातही घडते. ऑपॉर्च्युनिटी ही मंगळावरची बग्गी कायमची बंद पडल्याचे नासाने फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केले, तेव्हा ‘माझी बॅटरी उतरत आली आहे आणि अंधार पडतो आहे’ असे तिचे अखेरचे शब्द म्हणून जगभर फिरले. बग्गीने पाठवले होते ते वीजनिर्मितीचे आणि आकाशातल्या धुळीचे आकडे; त्यांचा अर्थ शास्त्रज्ञांनी सांगितला आणि एका पत्रकाराने तो सोप्या वाक्यात मांडला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आले ते त्या वाक्यामुळे. आकडे वाचून कोणी रडले नसते.

चेहरा नसतानाही हे का होते

रोबोटला डोळे लावले, गोड आवाज दिला, की माणसे फसणारच, असे अनेकांना वाटते. चेहऱ्याचा वाटा आहेच, पण मूळ कारण त्याहून खोल आहे. १९४४ मध्ये अमेरिकेतील स्मिथ कॉलेजात फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल यांनी एक छोटी चित्रफीत तयार केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडझाप होणारी एक चौकट एवढेच होते, आणि हे आकार पडद्यावर इकडेतिकडे सरकत होते. काय पाहिले ते लिहा, असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. पहिल्या गटातील ३४ जणांपैकी फक्त एकाच व्यक्तीने ‘एक त्रिकोण डावीकडून उजवीकडे सरकला’ अशा भूमितीच्या भाषेत उत्तर दिले. बाकीच्यांनी गोष्ट सांगितली: मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ घाबरून घरात लपले आहे, छोटा त्रिकोण त्याला सोडवायला आला आहे. ना डोळे, ना तोंड, ना आवाज. केवळ कोण कोणाच्या मागे सरकते एवढ्यावर स्वभाव, हेतू आणि नातीही उभी राहिली.

तेव्हापासूनच्या संशोधनातून मनारोपणाला चालना देणाऱ्या काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. वस्तू ढकलल्याशिवाय आपण होऊन हालली, अडथळा चुकवून एकाच ठिकाणाकडे जात राहिली किंवा आपल्या कृतीला लगेच प्रतिसाद देऊ लागली, की आपण तिच्यात मन पाहतो. हालचालीचा वेग माणसाच्या वेगाच्या जवळपास असला तर ही भावना आणखी बळावते. वेल कुंपणावर चढते तीही एका अर्थी शोध घेतच, पण ती इतकी सावकाश चढते की तिच्या मनात काय आहे असे कोणी विचारत नाही.

आतली रचना किती साधी असू शकते हे व्हॅलेंटिनो ब्राइटेनबर्ग या मेंदूशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये कागदावरच्या गाड्यांतून दाखवले. समजा एका गाडीला पुढे डावीकडे आणि उजवीकडे प्रकाश मोजणारे एकेक सेन्सर आहेत आणि प्रत्येक सेन्सरची तार त्याच बाजूच्या चाकाला जोडली आहे. दिवा डावीकडे असेल तर डावे चाक जोरात फिरते, गाडी उजवीकडे वळते आणि दिव्यापासून दूर पळते. बघणारा म्हणतो, भित्री आहे. आता त्याच तारा उलटसुलट, म्हणजे डाव्या सेन्सरची उजव्या चाकाला, अशा जोडल्या की गाडी दिव्याकडे वळते आणि जवळ जाईल तसा वेग वाढवत त्याला धडक देते. बघणारा म्हणतो, रागीट आहे. भित्रेपणा आणि राग यांच्यामधला सगळा फरक म्हणजे दोन तारांची अदलाबदल.

आपल्याकडच्या गोठ्यात याला समांतर असा एक जुना उपाय आहे. म्हशीचे रेडकू मेले तर पान्हा आटू नये म्हणून त्याच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढे ठेवत. म्हैस ते हुंगत, चाटत असे आणि धार देत असे. पान्हा खरा असतो, तो सोडवणारी खूण मात्र भुशाची असते. आपल्या आतही कोणाचे तरी मन ओळखण्याची अशी एक यंत्रणा आहे, आणि ठरावीक खुणा समोर आल्या की ती आपली परवानगी न घेता कामाला लागते. फरक इतकाच की आपल्याला कातड्याची शिवण दिसू शकते.

हे अडाण्यांचे काम, शिकलेल्यांचे नव्हे?

हा आक्षेप टिकत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. मानसोपचारतज्ज्ञासारखा तो बोलणाऱ्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारत असे. अर्थ म्हणून त्याला काही कळत नव्हते. वायझेनबाउम यांच्या सचिव महिलेने तो कार्यक्रम तयार होताना कित्येक महिने पाहिला होता, तरीही त्याच्याशी थोडे बोलल्यावर तिने वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. २०२२ मध्ये गुगलच्या एका अभियंत्याने आपण तपासत असलेल्या संभाषण-प्रणालीला जाणीव आहे असा जाहीर दावा केला, तो तर या विषयातलाच माणूस होता.

जर्मनीत २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या बाबतीत सर्वांत बोलका वाटतो. माणसांनी ‘नाओ’ या छोट्या रोबोटबरोबर काही काम केले आणि शेवटी, वाटल्यास तो बंद करावा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांतल्या ४३ जणांपुढे रोबोटने गयावया केली की मला बंद करू नका, मला अंधाराची भीती वाटते. त्यांपैकी १३ जणांनी तो बंद केलाच नाही आणि इतरांनी बटण दाबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. ते वाक्य आधीच भरून ठेवलेले असणार हे कोणालाही सांगावे लागत नाही. माहीत असणे ही एक गोष्ट झाली आणि बोट पुढे होणे ही दुसरी.

मग असे बोलणेच बंद करावे का?

मुळीच नाही, आणि याचे उत्तम उत्तर डॅनियल डेनेट या अमेरिकी तत्त्वज्ञाने दिले आहे. कोणत्याही गोष्टीचे पुढचे पाऊल ओळखण्याचे तीन मार्ग असतात, असे ते म्हणत. ते समजून घ्यायला विहिरीवरचा ऑटो स्टार्टर पुरे आहे. पहिला मार्ग पदार्थविज्ञानाचा: कॉइलमधून किती प्रवाह जातो, चुंबक किती जोराने पट्टी ओढतो, हे मोजत बसायचे. दुसरा रचनेचा: हा डबा कशासाठी बनवला आहे ते पाहायचे, तिन्ही फेज आल्याशिवाय मोटर सुरू करू नये आणि एक फेज गेला तर बंद करावी म्हणून बनवला आहे, तेव्हा तो तसेच करील. तिसरा मार्ग हेतूचा: स्टार्टर लाईट यायची वाट बघतोय, लाईट पुरेशी नसेल तर तो मोटर जळू देणार नाही.

शेतकरी तिसरा मार्ग धरतो, कारण तो सर्वांत जलद आहे आणि रोजच्या कामात जवळपास नेहमी बरोबर येतो. रात्री दोन वाजता तीन फेज आल्यावर कॉइलचे गणित मांडायला कोणाला सवड आहे? म्हणून ‘यंत्राला वाटते’ असे बोलणे ही अडाणीपणाची खूण नसून एक कामचलाऊ आणि बऱ्यापैकी हुशार लघुलिपी आहे. मात्र ती कुठे फसते हे ठाऊक असले पाहिजे. तोच स्टार्टर, तीच रात्र, आणि पाइपचा जोड सुटून पाणी शेजारच्या रानात चालले आहे. लाईटची वाट बघत बसलेल्या गड्याने मोटर सुरू केल्यावर आवाजावरून किंवा ओल्या पायवाटेवरून हे ओळखले असते. स्टार्टर मात्र सकाळपर्यंत मोटर चालवीत राहील, कारण त्याला फेज कळतो, पाणी नाही. माणसाला हेतू असतो तेव्हा त्या हेतूभोवती शंभर न सांगितलेल्या गोष्टींची समज असते. यंत्राला हेतू बहाल करताना आपण ती समजही नकळत त्याच्या खाती जमा करतो.

ही जमा केलेली समज कारखान्यात जिवावर बेतू शकते. यांत्रिक हात अर्ध्या वाटेत थांबला की ऑपरेटर म्हणतो, “रुसलंय आज.” पुष्कळदा कारण इतकेच असते की जॉब आला हे ओळखणाऱ्या सेन्सरवर लोखंडाचा चुरा बसलेला असतो, आणि तो पुसला की हात पुढच्याच क्षणी पूर्ण वेगाने हालू शकतो. रुसलेला माणूस उठण्यापूर्वी चेहऱ्यावर काहीतरी दाखवतो. थांबलेल्या हाताला तशी पूर्वसूचना नसते. म्हणूनच जाळीचे दार उघडण्याआधी त्याची वीज तोडून कुलूप लावण्याचा नियम असतो.

करणारे मन आणि सोसणारे मन

मन म्हणून आपण जे बहाल करतो ते एकसंध नसते. २००७ मध्ये हेदर ग्रे, कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर यांनी दोन हजारांहून अधिक लोकांना बाळ, कुत्रा, बेडूक, मृत व्यक्ती, देव आणि एक रोबोट अशा वेगवेगळ्या पात्रांची तुलना करायला सांगितली. उत्तरे दोन पट्ट्यांवर विभागली गेली. एक पट्टी कर्तेपणाची, म्हणजे बेत आखणे, लक्षात ठेवणे, स्वतःला आवरणे यांची. दुसरी अनुभवाची, म्हणजे भूक, वेदना, भीती, आनंद यांची. बाळाला अनुभव भरपूर आणि कर्तेपण थोडे मिळाले, देवाला त्याच्या उलट, आणि रोबोटला थोडेबहुत कर्तेपण पण अनुभव जवळजवळ शून्य मिळाला. (आपल्याकडे ही चाचणी घेतली तर देवाचे स्थान कदाचित बदलेल. आषाढीच्या गर्दीत उभ्या राहिलेल्या विठोबाचा शिणवटा घालवायला प्रक्षाळपूजा करणारा वारकरी देवाला अनुभव नाही असे कसे म्हणेल?)

या दोन पट्ट्यांमुळे एरवी विसंगत वाटणाऱ्या गोष्टी जुळतात. ज्याला सोसता येते त्याला जपावे असे आपल्याला वाटते, आणि ज्याला करता येते त्याला जबाबदार धरावे असे वाटते. अंधाराची भीती सांगणाऱ्या नाओला लोकांनी जपले. याउलट येल विद्यापीठातील २०१० च्या एका प्रयोगात दगड-कागद-कात्री खेळणारा रोबोट मधूनच लबाडी करीत असे. हरूनही ‘मी जिंकलो’ असे तो नुसते बोलला, तेव्हा खेळणाऱ्यांना बहुधा तो बिघाड वाटला. पण हरल्यावर त्याने हाताची खूणच बदलून जिंकल्याचे सांगितले, तेव्हा तो फसवतो आहे असे ते म्हणू लागले. मन बहाल करण्याचा हा मोठा विचित्र रस्ता आहे. शहाण्यासारखे वागणारे यंत्र यंत्रच राहते, आणि लबाडी केली की त्याला लगेच व्यक्तीचा दर्जा मिळतो.

पण माणसाचे मन तरी कुठे दिसते?

सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे. शेजाऱ्याच्या मनात काय आहे हे आपण त्याच्या वागण्यावरूनच ओळखतो. मग रोबोटचे वागणे माणसासारखे झाल्यावर त्यालाच वेगळा न्याय का? हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. पण शेजाऱ्याच्या बाबतीत वागणुकीखेरीज आणखी पुरावा आपल्या हाती असतो. तो आपल्यासारख्याच शरीराचा आहे, त्याला ठेच लागली की आपल्याला दुखते तिथेच दुखते, तो लहानाचा मोठा आपल्यासमोर झाला आहे, आणि त्याचे ‘दुखते’ हे बोलणे कोणी दुसऱ्याने त्याच्या तोंडात भरलेले नाही. आजच्या बोलणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत नेमका हा शेवटचा मुद्दा कोसळतो. ती माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून बोलायला शिकलेली असतात, आणि त्या मजकुरात दुःखाची, भीतीची, प्रेमाची वाक्ये ठासून भरलेली असतात. त्यामुळे यंत्र ‘मला एकटे वाटते’ म्हणाले, तर त्यावरून यंत्राला एकटे वाटते हेही सिद्ध होत नाही आणि वाटत नाही हेही सिद्ध होत नाही. ज्या माणसांकडून ते शिकले ती असे म्हणत होती, एवढेच कळते. पुढे कधी यंत्राला खरोखर काही वाटू लागेल का, हा प्रश्न खुला आहे. पण आपल्याला तसे वाटणे हा त्याचा पुरावा नव्हे, कारण आपल्याला तर त्रिकोणांबद्दलही तसे वाटते.

त्याला आपली भाषा मुद्दाम कळत नाही का?

सीमाभागात मनारोपणाला एक खास वळण मिळते. मोबाईलशी घरच्या मराठीत बोलले की तो भलतेच काहीतरी ऐकतो, फोनवरचा यांत्रिक आवाज आधी कन्नडात सुरू होतो, आणि इतक्या वर्षांच्या भाषावादाने हळवे झालेले मन लगेच निष्कर्ष काढते की हेही आपल्याविरुद्धच आहे. तक्रारीत तथ्य असते, पण तिचा पत्ता चुकतो. आवाज ओळखणारी प्रणाली आपला उच्चार आधी ध्वनिमुद्रित करून शिकवलेल्या उच्चारांशी ताडून पाहते. त्या नमुन्यांत प्रमाण मराठी बरीच आणि बेळगावची मराठी नगण्य असेल, तर ‘जेवूलालोय’ किंवा ‘हुडकूलालोय’ तिला पकडता येणार नाही. हीच अडचण बेळगाव-धारवाडकडच्या कन्नड माणसालाही बंगळूर-म्हैसूरच्या वळणाच्या प्रणालीसमोर येते. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमात सामान्य लोकांकडून आवाजाचे नमुने गोळा करण्याची सोय आहे ती यासाठीच.

आधी कोणती भाषा वाजावी, हे मात्र शिकवण्याचे नव्हे तर निवडीचे काम आहे, आणि ती निवड कोणत्या तरी कार्यालयात बसलेल्या माणसाने केलेली असते. यंत्रावर राग काढला की तो माणूस अलगद सुटतो. मनारोपणाचे खरे नुकसान मला येथे दिसते. यंत्राला मन दिले यात फार बिघडत नाही. ते देताना ज्याने खरोखर काही ठरवले होते त्याचे मन आपण नजरेआड करतो, हे महागात पडते.

चूक कोणाची, हे ठरवताना

१८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील टेंपी या शहरात उबर कंपनीच्या स्वयंचलित चाचणीगाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवले आणि तिचा मृत्यू झाला. ‘गाडीला ती दिसलीच नाही’ असे सहज म्हटले जाते. तपासयंत्रणेचा अहवाल वेगळे सांगतो. गाडीच्या सेन्सरांनी धडकेच्या ५.६ सेकंद आधीच तिची नोंद घेतली होती. पण समोरची वस्तू वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे वर्गीकरण पुन्हा पुन्हा बदलत गेले, आणि प्रत्येक बदलासरशी तिच्या आधीच्या हालचालीची नोंद हिशेबातून गळत गेली. पट्टेरी जागा सोडून कोणी रस्ता ओलांडेल, याचा विचारच त्या प्रणालीत घातलेला नव्हता. मूळ गाडीची स्वतःची आपत्कालीन ब्रेकची सोय संगणकाच्या ताब्यात असताना बंद ठेवलेली होती. यातली प्रत्येक गोष्ट माणसांनी कधीतरी बैठकीत ठरवलेली होती. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. गाडीत देखरेखीला बसलेल्या व्यक्तीने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला. त्या व्यक्तीचे लक्ष रस्त्यावर नव्हते हे खरे, पण वरच्या यादीतले काहीही तिने ठरवलेले नव्हते.

रुग्णालयातली गोष्ट याच्या उलट आहे, आणि ती थोडक्यात सांगता येते. ‘रोबोटने ऑपरेशन केले’ हे वाक्य कौतुकाने बोलले जाते, पण आज प्रचलित असलेल्या दा विंची प्रकारच्या यंत्रात शल्यविशारद शेजारच्या खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी ते चालवत असतो. यंत्र त्याच्या हातांची कंपने गाळते, हालचाल लहान करून पोहोचवते आणि स्वतः काहीही कापायचे ठरवत नाही. तेव्हा नातेवाइकांनी रोबोट कोणता हे विचारण्याआधी तो चालवणारा डॉक्टर कोण आणि त्याने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत हे विचारावे.

देवाला कायद्यात व्यक्ती मानतात, मग रोबोटला का नाही?

आपल्या देशात हा प्रश्न येणारच, आणि तो चांगला आहे. प्रतिष्ठापना झालेल्या हिंदू देवतेला भारतीय कायदा व्यक्ती मानतो. ब्रिटिश काळात अखेरचे अपील जिथे चालत असे त्या प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये एका खटल्यात हे स्पष्ट सांगितले होते, आणि अयोध्येच्या दाव्यात रामलल्ला विराजमान हे स्वतः पक्षकार होते. कंपनीही कायद्याने व्यक्तीच आहे. पण यांपैकी कोणालाही मन आहे की नाही, हा न्यायालयाचा प्रश्न नव्हता. मालमत्ता कोणाच्या नावावर राहील, दावा कोणाच्या नावाने चालेल, एवढ्यासाठी केलेली ती सोय आहे, आणि तिच्यामागे पुजारी, विश्वस्त किंवा संचालक अशी हिशेब देणारी जिवंत माणसे उभी असतात.

युरोपीय संसदेने फेब्रुवारी २०१७ मध्ये अत्यंत प्रगत स्वायत्त रोबोटांना ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’चा दर्जा देता येईल का, याचा विचार करावा असे सुचवले होते. पुढच्याच वर्षी अनेक तज्ज्ञांनी खुले पत्र लिहून त्याला विरोध केला, कारण रोबोटच्या खिशात पैसे नसतात आणि त्याला व्यक्ती ठरवले की भरपाईचा दावा रिकाम्या खिशावर जाऊन आदळतो. ती सूचना कायद्यात उतरली नाही.

आपल्याकडे हा वाद न्यायालयाआधी बांधावर पोहोचेल, असा माझा अंदाज आहे. उसात मारलेल्या तणनाशकाचा फवारा वाऱ्याबरोबर अथणीकडच्या एखाद्या द्राक्षबागेवर गेला, तर पाने वाकडी होतात आणि हंगाम हातचा जातो. तेव्हा ‘ड्रोनने उडवले’ या उत्तराने बागायतदाराचे काहीही भरून निघत नाही. वारा किती असताना उडवायचे, किती उंचीवरून आणि किती बारीक थेंबांनी फवारायचे, हे चालकाने किंवा फवारणीचा धंदा करणाऱ्याने ठरवलेले असते. अगदी छोटे ड्रोन सोडले तर बाकीच्या ड्रोनांचा त्रयस्थ-पक्ष विमा, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा विमा, काढणे २०२१ च्या ड्रोन नियमांनी बंधनकारक केले आहे, आणि चालकाकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र असावे लागते. ड्रोन भाड्याने ठरवताना ही दोन्ही कागदपत्रे पाहून घ्यावीत, आणि त्या दिवशीचा वारा, उंची व औषधाचे नाव चालकाच्या सहीने लिहून घ्यावे.